गुडघ्याचा नवस

"बसा ना आजोबा," ती मुलगी म्हणाली आणि जागेवरून उठली. नाहुम सेपेदाने आधी मागे वळून पाहिलं. मागे एक जाडा पोलीस होता आणि पिशवीत जिवंत कोंबडी घेतलेली एक बाई होती. आजोबा म्हणावं असं कुणी नव्हतं. मिनीबस कोमायागुएलाच्या बाजारातून रखडत निघाली होती, दारात लोंबकळणारा कंडक्टर "आत सरका, आत सगळं मैदान मोकळं आहे" असं धादांत खोटं ओरडत होता, आणि मुलगी नाहुमच्या तोंडाकडे पाहतच नव्हती. ती त्याच्या डाव्या पायाकडे पाहत होती. उभं असतानाही तो पाय न वाकता जरा बाहेरच निघालेला असायचा, बाकीच्या शरीराशी भांडण झाल्यासारखा. नाहुमला म्हणायचं होतं, की बाई गं, मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, याच पायाने मी... तेवढ्यात कंडक्टरने आत डोकावून हाळी दिली, "अरे, आजोबांचा पाय सांभाळा, पाय!" आणि सगळ्या बसने मोठ्या मायेने वाट करून दिली. पोलिसाने दंडाला धरलं. आता न बसणं आणखी हास्यास्पद झालं असतं, म्हणून तो बसला. पाय वाटेत सरळ पसरला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तो ओलांडून जाऊ लागला.

मुलीने ओळखलं नाही याचं त्याला काही नव्हतं. ओळखायचे दिवस होते तेव्हाही लोक त्याला कुठे धड ओळखायचे! गोल मारणारा लोकांच्या लक्षात राहतो, गोलकीपर राहतो, पेनल्टी घालवणारा तर मरेपर्यंत राहतो. मधल्या फळीतला माणूस राहत नाही. बचाववाल्यांकडून चेंडू घ्यायचा, मान वर करून पाहायचं आणि पुढच्याला द्यायचा. पुढच्याने तो घालवला की शिव्या गिळून पळत मागे यायचं आणि पुन्हा घ्यायचा. हे नव्वद मिनिटं करायचं, आणि मग उभी तरुणाई करायचं. संघातली पोरं त्याला खेचर म्हणत, प्रेमानेच म्हणत. तेगुसिगाल्पाच्या टेकड्यांवर विटा, लाकूड, पाणी, सगळं एके काळी खेचरांनीच चढवलंय आणि खेचराचं नाव कुणी विचारत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नाहुमला ते नाव आवडायचं. देशाची निळी-पांढरी जर्सी अंगात घातली ती मोजक्या वेळा, तीही बहुतेकदा सामना हातचा गेल्यावर. एक हंगाम ग्वाटेमालात काढला, तिथल्या थंडीत आईच्या हातच्या घेवड्याची आमटी आठवून चक्क रडला, आणि परत आला. पण या सगळ्यात एक गोष्ट त्याची स्वतःची होती आणि ती कुणाला दिसलीही नसेल. मागून चेंडू यायचा, तो डाव्या पायाच्या आतल्या बाजूला घेता घेता त्याच पायावर शरीर अर्धं फिरायचं, आणि क्षणभर सगळं मैदान डोळ्यांसमोर उघडायचं: कोण कुठे आहे, कोण आता कुठे असेल. त्या अर्ध्या फिरण्यात त्याला जे सुख मिळालं तसं पुढे बायकोच्या सहवासातही मिळालं नाही, आणि बायको सोडून गेली तेव्हा तिने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं.

ते फिरणं सगळं डाव्या गुडघ्यावर होतं. आणि आता ती मुलगी त्याच गुडघ्याकडे पाहत होती, तोंडावर दया घेऊन. तिला काय ठाऊक, की सकाळीच बहिणीचा, डिल्सियाचा, फोन येऊन गेलाय आणि विषय हाच आहे. परवा तीन फेब्रुवारी. सुयापाच्या मरियामातेचा दिवस. सगळं शहर तिला सावळी म्हणतं. मूर्ती अंगठ्याहून थोडी मोठी, लाकडाची, पण अख्खा देश तिच्या पदरात आहे असं लोक मानतात. आई ऑक्टोबरात गेली. नऊ रात्रींच्या प्रार्थना झाल्या, कॉफी झाली, शेजाऱ्यांचे पत्त्यांचे डाव झाले, आणि दहाव्या दिवसापासून डिल्सियाला तेच ते स्वप्न पडायला लागलं. आज फोनवर ती फक्त एवढंच म्हणाली, की या वेळी नवस फेडलाच पाहिजे, पुढच्या वर्षावर ढकलू नकोस. नाहुमने "दुकानात गिऱ्हाईक आहे" म्हणून फोन ठेवला होता. दुकान रंगाचं, तो तिथे रंग कालवून द्यायचा. आणि फोन आला तेव्हा तो घरीच होता, मोजा चढवत होता, पलंगावर आडवं पडून, कारण डाव्या पायात मोजा चढवायचा दुसरा मार्गच उरलेला नव्हता.

नवस त्याचा नव्हता, पण फेडायचा त्याने होता, यातच सगळी गोम. बावीस वर्षांचा असताना, सान पेद्रोच्या उन्हाने कडक झालेल्या मैदानावर, बुटाचे खिळे जमिनीत अडकले, शरीर फिरलं आणि गुडघा फिरला नाही. दुखण्याआधी आवाज आला होता. ओलं लाकूड मोडावं तसा, आणि गंमत म्हणजे त्या क्षणी त्याने मान वर करून पाहिलं होतं, आवाज कुणाचा आला ते. डॉक्टर म्हणाले, चालशील, खेळायचं विसर. आई, जिला लोक आदराने दोन्या एर्सिलिया म्हणत, बाजाराच्या कोपऱ्यावर मक्याच्या पोळ्या भाजून विकायची. ती इस्पितळातून घरी गेलीच नाही. पिठाच्या एप्रनसकट बस पकडून सुयापाला गेली आणि सावळीसमोर म्हणाली, याचा गुडघा दे, हा गुडघ्यांवर चालत तुझ्याकडे येईल, दारापासून वेदीपर्यंत. गल्लीतल्या बायका पोट धरून हसल्या. "अगं एर्सिलिया, गुडघा मागितलास आणि कबूलही गुडघाच केलास? मेणबत्त्या बोलायच्या, केस बोलायचे. एवढी वर्षं नवस बोलतेस, काही अक्कल?" आईने तव्यावरची पोळी उलटली आणि म्हणाली, "देवाला आपल्याकडची चांगली चीज द्यावी. त्याच्याकडे दुसरं काय चांगलं आहे?" नाहुम घरात प्लास्टरमध्ये पडून ऐकत होता, आणि त्याला ते फार आवडलं होतं, खोटं कशाला सांगा.

गुडघा बरा झाला. डॉक्टरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली, आईने छातीवर क्रूसाची खूण केली, आणि नाहुम पुढच्या हंगामात पुन्हा मैदानात फिरू लागला. मग अडचण आली. डॉक्टर म्हणाले, खेळ चालू आहे तोवर या गुडघ्यावर भार देऊन जमिनीला टेकायचं नाही, गोल झाल्यावरसुद्धा नाही. नाहुम हसून म्हणाला होता, मी कुठे गोल मारतोय. पण आईचं तोंड पडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मी सावळीशी बोलून आले, खेळ संपला की फेड. नाहुमने मान डोलावली. बाविसाव्या वर्षी खेळ संपणं म्हणजे काय ते कुणाला कळतं? माणूस हो म्हणतो. अकरा वर्षांनी तो संपला, त्याच गुडघ्यात. आणि या वेळी एकावर एक शस्त्रक्रिया झाल्या, आत पू झाला, आणि शेवटी पाय वाचला पण बिजागरी गंजून बसली. नवस फेडायची वेळ आली तेव्हा गुडघा टेकता येईल असा उरलाच नव्हता. आईने एकदाच विषय काढला. आमटी वाढता वाढता म्हणाली, "लेकरा, आता जायचं का सुयापाला?" नाहुमने पाय खुर्चीवरून उचलून टेबलावर आपटला होता. "कशावर टेकू? वाकवून दाखव, चल. तुझ्या त्या अंगठ्याएवढ्या बाहुलीने दिलं काय मला?" पोळ्या गार होऊ नयेत म्हणून आईने त्यांच्यावर फडकं ओढलं, आणि पुन्हा कधी त्या गावाचं नाव त्याच्यासमोर घेतलं नाही.

मिनीबस थांबली. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, शेवटचा थांबा. इथून पुढे डोंगर आहे, तो तुम्हाला पायीच चढावा लागेल." दुकान कधीच मागे गेलं होतं. एवढ्या लोकांसमोर पाय गोळा करून उठायची लाज वाटून तो बसून राहिला होता की आणखी कशाने, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या थांब्यावरून डिल्सियाचं घर वर, तिसऱ्या वळणावर. त्याने थोडा वेळ परतीच्या बसची वाट पाहिली, म्हणजे तसं स्वतःला सांगितलं. मग उजवा पाय वर, डावा ओढून त्याच्या शेजारी, असा पायऱ्या चढू लागला. खालून कुठल्या तरी मैदानातून पोरांचा कालवा वर येत होता आणि मधूनच चेंडूवर बूट बसल्याचा तो भरीव आवाज. त्याला कान बंद करता येत नव्हते. डावा पाय मांडीपासून खाली थंड होता आणि मांडीचा स्नायू मात्र, प्रत्येक आवाजाला, आपोआप आवळत होता. चौदा वर्षं झाली तरी त्या मूर्खाला कळलं नव्हतं.

डिल्सिया मागच्या अंगणात मातीच्या भट्टीपाशी होती. मका आणि चीज मळून ती रोस्कीया भाजायची, कडक, बोटात घालता येतील एवढ्या कड्या, आणि शाळांच्या दारांत विकायची. त्याला पाहून तिने कपाळाचा घाम मनगटाने पुसला. "आलास? दुकान जळालं की काय?" नाहुम म्हणाला, बस चुकली. "बस चुकून कुणी बहिणीकडे येत नाही," ती म्हणाली, आणि त्याच्यासमोर कॉफी आणि मोडक्या रोस्कीयांची बशी ठेवली. चांगल्या विकायला, मोडक्या भावाला, ही तिची जुनी रीत. थोडा वेळ दोघं कॉफीत बुडवून खात राहिली. मग भट्टीचं झाकण लावून ती त्याच्यासमोर बसली आणि सरळ म्हणाली, "नाहुम, आई अजून गुडघ्यांवरच आहे. स्वप्नात मी तिला म्हणते, आई, ऊठ, झालं आता. ती म्हणते, कुणी उठवल्याशिवाय कशी उठू?"

नाहुमला राग आला. राग येणं सोपं होतं. तो म्हणाला की आई कशाला गुडघ्यांवर असेल, नवसात गुडघे माझे होते, तिचे नव्हे. आणि तुझी स्वप्नं तुला त्या भट्टीच्या धुराने पडतात. डिल्सिया एरवी तोंडाला तोंड देणारी, पण आज भांडली नाही. तिने एप्रनला हात पुसले, पुसलेले पुन्हा पुसले. "आईचे गुडघे तू कधी पाहिलेस?" तिने विचारलं. त्याने विचार केला. आईचे गुडघे कोण पाहतो? आईला स्कर्ट असतो, पावलं असतात, पिठाने भरलेले हात असतात. डिल्सिया म्हणाली, आजारपणात अंग पुसून काढताना मी पाहिले. टाचांसारखे. काळे, भेगाळलेले, कडक. फरशी पुसून झाले असतील, नाहुम म्हणाला. "फरशीला तू तिला लांब दांड्याचं पुसणं आणून दिलं होतंस, ग्वाटेमालाहून आलास तेव्हा. विसरलास?" तो विसरला नव्हता.

मग तिने सगळं सांगितलं, भट्टीकडे बघत, जणू भट्टीलाच सांगतेय. आईने खेळ संपेपर्यंत मुदत मागून घेतली होती ती फुकट नव्हती. माझा मुलगा येईपर्यंत मी येत जाईन, असं ती सावळीला सांगून आली होती. आणि गेली, दर महिन्याच्या तीन तारखेला, दारापासून वेदीपर्यंत, गुडघ्यांवर. घरी सांगायची, चीज आणायला चाललेय. एकदाच खंड पडला. ओट्यावरून पडून कंबर मोडली तेव्हा अर्धं वर्ष अंथरुणात होती. "कुठलं वर्ष?" नाहुमने विचारलं, आणि विचारतानाच त्याला कळलं होतं. डिल्सिया म्हणाली, "तुला माहीत आहे कुठलं. मी काही म्हणत नाही. तू तेहेतीसचा होतास, कधीतरी थांबायचंच होतं. मी फक्त काय झालं ते सांगतेय." पुढे कंबर सांधली तशी आई पुन्हा जाऊ लागली. गुडघा तर गेलाच होता, मग आता कशासाठी, नाहुमने विचारलं. डिल्सियाने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "तू बाहुली म्हणालास, त्यासाठी. पोराचं मनावर घेऊ नकोस म्हणून सांगायला." नाहुमची कॉफी हातात तशीच होती. त्याने एकच गोष्ट विचारली, आणि ती का विचारली ते त्याला नंतरही सांगता आलं नसतं. गुडघ्यांवर जाणाऱ्याच्या पुढे घरचं कुणी तरी कापड टाकत जातं. मागचं उचलून पुढे, मागचं उचलून पुढे, दगड लागू नये म्हणून. आणि वेदीशी पोचल्यावर कापड टाकणाऱ्यानेच त्याला हात देऊन उठवायचं असतं. आईच्या पुढे कापड कोण टाकायचं? "कुणी नाही," डिल्सिया म्हणाली. "मला येऊ दिलं नाही. म्हणायची, तू त्याला सांगशील. शपथ घातली होती तिने. पण ती स्वप्नात उठेना, तेव्हा म्हटलं शपथ गेली खड्ड्यात." ती आत गेली आणि आईच्या ट्रंकेतून एक कापडाची घडी घेऊन आली. त्याची आठ नंबरची जर्सी, शेवटच्या हंगामाची. "तू नवस फेडायला जाशील तेव्हा तुझ्याबरोबर द्यायची म्हणून आईने ठेवली होती," डिल्सिया म्हणाली.

ते दोन दिवस नाहुमने कसे काढले हे विचारू नये. तो रंग कालवत होता. निळ्यात पांढरा किती, गिऱ्हाईक म्हणेल तेवढा. आणि कालवता कालवता त्याला दर महिन्याची तीन तारीख दिसू लागली होती. कुठल्या तीन तारखेला तो कुठे होता हे आठवायचा नाद लागला. चोलुतेकाच्या मैदानावर, ऊन एवढं की गवतातून वाफ, आणि चेंडू आला, तो फिरला, मैदान उघडलं. त्याच वेळी ती दगडावर. बुटांना चरबी लावत बसलेला कपडे बदलायच्या खोलीत, हसत, खेचर खेचर. त्याच वेळी ती अर्ध्या वाटेवर. आणि एका वर्षीचा तीन फेब्रुवारी तर त्याला पक्का आठवला. राजधानीतला सामना, दिवसाउजेडी, आणि त्याने दिलेल्या चेंडूवर गोल झाला होता, आयुष्यातला सगळ्यात चांगला पास, पायातून निघतानाच कळलेला. घरी आला तर आई खुर्चीत बसलेली, पाय स्टुलावर सरळ पसरून, स्कर्ट घोट्यापर्यंत ओढून घेतलेला. त्याने तिच्या डोक्याचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "वा गं वा! धावलो मी आणि दमलीस तू?" आई खूप हसली होती. हसता हसता तिने डोळे पुसले होते आणि त्याला वाटलं होतं, हसण्यानेच पाणी आलं. दुकानात नाहुमने कालवलेला निळा एवढा गडद झाला की मालक ओरडला. नाहुमला रडू येत होतं आणि हातात डबा होता.

तीन तारखेला सकाळी तो सुयापाला गेला. डिल्सिया बरोबर येते म्हणाली, त्याने नको सांगितलं. गर्दी होती तशी दरवर्षी असते; मेणाचा वास, तळणाचा वास, माणसांचा वास, गिटारी, आणि बासिलिकेच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, दारात गुडघे टेकणाऱ्यांची रांग. नाहुम जरा बाजूला खांबाशी गेला. त्याने ठरवलं होतं, उजवा गुडघा टेकायचा, डावा पाय मागे फरफटत न्यायचा, हातांवर भार द्यायचा, कसंही करून पोचायचं. लोक हसले तर हसोत. खांबाला धरून तो खाली जाऊ लागला. उजवा गुडघा जमिनीला लागला तोच डावा पाय बाजूला घसरला, कमरेत कळ गेली, आणि तो कुशीवर आडवा झाला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने डाव्या गुडघ्यावर मूठ आपटली. एवढंच मागतोय, मेल्या, एवढंच. एक स्वयंसेवक धावत आला आणि म्हणाला, आजोबा, असं कशाला करता, म्हाताऱ्यांसाठी बाक आहेत, बसून दर्शन घ्या. त्याने उठवून त्याला भिंतीला टेकवलं, अंगावरची धूळ झटकली आणि निघून गेला. नाहुम तिथेच राहिला. पदरात काहीच नाही असा तो घरी परत जाणार होता, आणि आई कुठे तरी तशीच गुडघ्यांवर राहणार होती.

"वाट सोड," कुणीतरी खालून म्हणालं. एक म्हातारी, गुडघ्यांवर, एकटी. पुढे कापड टाकायला कुणी नाही. स्वतःचीच शाल पुढे फेकायची, त्यावर सरकायचं, मग वळून ती मागून ओढायची, आणि वळताना दर वेळी तिचा तोल जात होता. नाहुमने वाट सोडली. ती दोन हात पुढे गेली, तेवढ्यात मागून येणाऱ्याचा पाय शालीवर पडला, तिने ओढली तर ती फाटली. म्हातारीने शालीकडे पाहिलं, एक कचकचीत शिवी दिली, लगेच क्रूसाची खूण केली, आणि उघड्या फरशीवर पुढे सरकली. नाहुमने तिचा गुडघा फरशीला लागताना पाहिला. त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीत जर्सी होती.

त्याने ती म्हातारीच्या पुढे टाकली. म्हातारीने मान वर केली. "कुणाचा तू?" तिने विचारलं. "एर्सिलियाचा," तो म्हणाला. ती नावाने बधली नाही. "मग उभा का? नीट पसर ना, सुरकुती पडलीय ती टोचते." नाहुमने अंगातलं जॅकेट काढलं. आता दोन कापडं झाली. डावा पाय मागे ताठ ठेवून, कमरेतून वाकून, त्याने जॅकेट जर्सीच्या पुढे अंथरलं. ती सरकली. त्याने मागे जाऊन जर्सी उचलली, उजव्या पायावर फिरला, पुढे आला, अंथरली. मागे जॅकेट. पुन्हा पुढे. "गुडघा टेकून टाक की, असा बगळ्यासारखा काय वाकतोस," म्हातारी म्हणाली. तो म्हणाला, वाकत नाही. "कंबर आहे ना? मग झालं." तिचा मुलगा कामाच्या शोधात उत्तरेला गेला होता, सगळ्यांचे जातात तसा, आणि सीमेवरून त्याचा फोन बंद झाला होता, तो जिवंत असू दे, एवढंच तिचं मागणं, हे तिने वाटेत, धापा टाकत, तुकड्या-तुकड्याने सांगितलं. नाहुम ऐकत होता आणि अंथरत होता. घाम डोळ्यांत जात होता. पुढे गर्दीचा गठ्ठा झाला तेव्हा त्याने मान वर करून पाहिलं, उजवीकडे बाकांच्या शेजारी फट होती, त्याने कापड तिकडे टाकलं आणि म्हातारी त्या फटीतून निघाली. तिने पाहिलंही नाही. बघायचं कारणही नव्हतं. आठ हा आकडा तिच्या गुडघ्यांखाली चुरगळून, मळून, वाचता येईनासा झाला होता.

वेदीशी पोचल्यावर सावळी त्याला दिसली सुद्धा नाही, एवढी ती लहान, एवढी फुलं. म्हातारीने आपलं मागणं मागितलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. नाहुम तिच्या मागे उभा होता, हातात मळकी जर्सी, आणि त्याला वाटलं की आता आपणही काही मागावं. पण काय ते सुचेना, माफी म्हणावं तर ती मागून मागून आईने संपवली होती. मग म्हातारीने वळून न पाहता दोन्ही हात वर केले, मागे, त्याच्याकडे. "चल, उठव आता," ती म्हणाली. "तूच टाकलंस ना कापड?" त्याने जर्सी खांद्यावर टाकली आणि तिच्या काखेत हात घातले. ती दिसत होती त्याहून जड होती. तिचे पाय आखडले होते, ती अर्ध्यातच थांबली, "सावकाश रे," म्हणाली, आणि तिचं सगळं ओझं त्याच्यावर आलं, त्या ताठ पायावर आलं, आणि तो पाय खांबासारखा उभा राहिला. नाहुमने डोळे मिटले.

"ऊठ, आई," तो म्हणाला. "झालं आता."

आणि ती उठली.